नाशिकची व्हाईट वाईन आणि आपलं मराठवाडी ताट: कुठं चुकतं आणि कसं जमवायचं

गेल्या काही वर्षांत आपल्याकडं एकच प्रकार सारखा बघायला मिळायलाय. नाशिकहून येताना कुणीतरी व्हाईट वाईनच्या दोन बाटल्या आणतं, संध्याकाळी मटणाचा बेत असतो, बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये राहते, मग स्टीलच्या ग्लासात काठोकाठ ओततात, सोबत काळ्या मसाल्याचा रस्सा आणि हिरवा ठेचा, आणि पहिल्या घोटालाच सगळे म्हणतात, "आंबट हाय राव, तोंड जळायलंय नुसतं." बाटली तशीच पडून राहते आणि "आपल्या जेवणासोबत वाईन चालत नाही" हा निकाल कायमचा लागतो.

चालते. मी जितक्या वेळा नीट चौकशी केली तितक्या वेळा दोनच गोष्टी निघाल्या, वाईन गरम होती आणि ती चुकीच्या पदार्थावर, चुकीच्या वेळी ओतली होती. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमानं लिहिलेत त्याच क्रमानं करा, मधला एखादा उडवला की पुढचे सगळे बिघडतात.

टप्पा १: आधी ताट ठरवा, बाटली नंतर

बहुतेक जण बाटली आधी आणतात आणि मग तिच्याशी जेवण जुळवत बसतात. उलटं करा. कागदावर लिहा काय काय शिजणार आहे, आणि त्यातला सगळ्यात तिखट पदार्थ कोणता त्यावर खूण करा. सगळं त्या एका पदार्थावर ठरतं, कारण वरणाला बरी लागणारी वाईन ठेच्यापुढं टिकेलच असं नाही.

कारण साधं आहे. मिरचीची आग तोंडातल्या ज्या नसा पकडते त्याच नसा अल्कोहोलनंही चेततात. म्हणजे तिखट घासावर अल्कोहोलचा घोट घेतला की आग विझत नाही, वाढते. वाईनमध्ये साधारण १२ ते १३ टक्के अल्कोहोल असतं, म्हणजे दारूपेक्षा लई कमी, पण तिखटावर जाणवायला पुरेसं. ही आग दोन गोष्टी दाबतात, वाईनमधली थोडी गोडी आणि वाईनचा गारपणा. पुढचे सगळे टप्पे याच दोन गोष्टींसाठी आहेत.

याच वेळी माणसं मोजा. बाटली ७५० मिलीची असते, तिच्यात १५० मिलीचे पाच ग्लास बसतात. पहिल्यांदा घेणारे असतील तर चौघांत एक बाटली पुरे.

तपासा: कॅलेंडर बघितलं का? घरात कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार, एकादशी, श्रावण, हे आधी विचारून घ्या. ड्राय डे पण बघा, हुरड्याच्या सीझनमध्ये २६ जानेवारी येतो आणि त्या दिवशी दुकान बंद असतं, आदल्या दिवशी आणून ठेवावं लागतं. आणि २१ वर्षांखालच्यांना नाही म्हणजे नाही, घरचं कार्य असलं तरी.

टप्पा २: दुकानात काय मागायचं

"एक व्हाईट वाईन द्या" असं म्हणू नका, दुकानदार हाताला येईल ती देतो. द्राक्षाचं नाव घेऊन मागा. नाशिककडच्या व्हाईट वाईनमध्ये आपल्या कामाची नावं दोन आहेत.

शेनिन ब्लां. दुकानात "चेनिन" म्हटलं तरी समजतं. आंबटपणा चांगला असतो, आणि आपल्याकडं ती बऱ्याचदा किंचित गोडसर ठेवून बनवतात, नाशिकच्या सुला कंपनीची शेनिन ब्लां तशीच आहे. पेरू, पिकलेलं पपनस असा वास येतो. तिखट ताटाला पहिली हीच.

सोव्हिन्यों ब्लां. ही कोरडी, म्हणजे गोडी जवळजवळ नाही. वास हिरवा, ढोबळी मिरची, ताजं गवत, लिंबाची साल असा. कोथिंबीर-लिंबू असलेल्या आणि तिखट कमी असलेल्या पदार्थांना एकदम भारी.

इथं एक चूक हमखास होते आणि ती शिकलेले लोक जास्त करतात. सोव्हिन्योंचा वास हिरव्या मिरचीसारखा म्हणून ती ठेच्यासोबत जुळेल असं त्यांना वाटतं. वास जुळतो, जीभ मात्र जळते, कारण वाईनमध्ये आग दाबायला गोडीच नाही. ठेचा असेल तर शेनिनच.

लेबलवर वर्ष बघा. नाशिककडं वाईनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते आणि व्हाईट वाईन काही महिन्यांत बाजारात येते. आपल्याला या वर्षाची किंवा गेल्या वर्षाची पाहिजे. चार वर्षं जुनी शेनिन स्वस्तात मिळायली म्हणून उचलू नका. जुनं ते सोनं हे या वाईनला लागू नाही, ती ताजेपणासाठीच प्यायची असते. स्क्रू कॅपची, म्हणजे फिरकीच्या झाकणाची बाटली म्हणजे हलक्या दर्जाची वाईन असंही समजू नका, उलट गावाकडं नेताना तीच बरी, ओपनर शोधत फिरावं लागत नाही.

थांबा: बाटली दुकानाच्या काचेत उन्हात उभी असेल तर ती घेऊ नका. आतल्या खोक्यातली मागा, देतात.

टप्पा ३: गाडीत आणि घरात

नाशिकहून येवला, वैजापूर करत संभाजीनगरला यायला चारेक तास, पुढं बीड, लातूर, नांदेड म्हटलं की आख्खा दिवस. एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टी होते आणि जेवायला थांबलेल्या एका तासात वाईन शिजते. शिजलेली वाईन नंतर कितीही गार केली तरी सुधारत नाही.

म्हणून बाटल्या डिकीत नाही, पायाशी ठेवा, ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून, आणि एसी असेल तर त्याची हवा तिकडं वळवा. थर्माकोलचा बॉक्स असेल तर प्रश्नच मिटला. घरी आल्यावर फ्रीजच्या डोक्यावर ठेवू नका, ती घरातली गरम जागा आहे, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर तर नकोच. जुन्या वाड्यातली मधली अंधारी खोली, पलंगाखाली, धान्याच्या कणगीमागं, असं कुठंतरी. कॉर्कवाली असेल तर आडवी ठेवा, स्क्रू कॅपची उभी चालते.

तपासा: कॉर्क तोंडाच्या वर आलंय का, बाजूनं चिकट ओघळ आहे का? असेल तर बाटली तापलेली आहे. पाहुण्यांपुढं उघडण्याआधी स्वतः चाखा.

टप्पा ४: गार करणं, सगळ्यात जास्त इथंच चुकतं

शेनिन आणि सोव्हिन्यों दोन्ही ८ ते १० अंशांना प्यायच्या असतात. "रूम टेंपरेचर" हा शब्द कुठंतरी वाचून लोक वाईन बाहेर ठेवतात, तो रेडसाठी आहे आणि तोही थंड देशातल्या खोलीसाठी. आपल्या रूमचं टेंपरेचर मेमध्ये ३५ असतं.

फ्रीजनं करायचं असेल तर सकाळीच ठेवा. तापलेली बाटली पिण्याइतकी गार व्हायला तीन-चार तास सहज जातात, उन्हाळ्यात फ्रीज सारखा उघडझाप होतो आणि मधेच लाईट जाते हे धरून मी सहा तास मोजतो. दारात ठेवू नका, आत मागं आडवी ठेवा.

वेळ नसेल तर बादली. पद्धत अशी:

१. बाटली गळ्यापर्यंत बुडेल अशी बादली किंवा उंच पातेलं घ्या.
२. दोन बाटल्यांना तीन किलो बर्फ, फोडून.
३. बर्फ बुडेल इतकं पाणी. हे विसरायचंच नाही. नुसत्या बर्फात बाटली ठेवली तर खड्यांमध्ये हवा राहते आणि गारपणा काचेला लागतच नाही, पाणी सगळीकडून बाटलीला धरतं.
४. दोन मुठी जाड मीठ. मिठानं पाणी शून्याच्याही खाली जातं.
५. दर पाच मिनिटांनी बाटली जागेवर गोल फिरवा. २० ते २५ मिनिटांत काम होतं.

थांबा: फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका. वाईन गोठली की फुगते, झाकण ढकलते, नाहीतर काच तडकते. ठेवायचीच असेल तर मोबाईलला अर्ध्या तासाचा अलार्म लावून ठेवा.

थांबा: ग्लासात बर्फ टाकू नका. गारपणा मिळतो पण दहा मिनिटांत पाणचट होते आणि ती किंचित गोडी, जिच्यासाठी आपण शेनिन आणली, तीच निघून जाते.

झाली का गार, हे बाटलीवरच्या दवावरून बघू नका. कोकणात दव लगेच धरतं, आपल्याकडं उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी असते की बाटली गार असूनही कोरडी दिसते. दोन घोट ओतून चाखा. वास घेताना नाकात चरचरलं तर अजून गरम आहे. कसलाच वास-चव नाही, नुसतं गार पाणी वाटलं तर जास्त गार झाली, पाच मिनिटं बाहेर ठेवा. मधलं जे आहे ते आपलं.

बर्फ मिळत नसेल अशा गावात ओलं पोतं कामाला येतं. बाटलीला भिजलेलं गोणपाट गुंडाळून सावलीत वारा लागेल अशी माठाशेजारी ठेवा, गोणपाट वाळू देऊ नका. कोरड्या हवेत बाटली बाहेरच्यापेक्षा बरीच गार होते. पिण्याइतकी होत नाही हे खरं, पण नंतर बर्फ निम्मा लागतो.

टप्पा ५: स्वयंपाकात चार बदल

तिखट कमी करा असं मी म्हणणार नाही, आपलं जेवण बेचव करून वाईन प्यायची तर कशाला प्यायची. आग तीच ठेवून आजूबाजूचं बदलायचं.

लिंबू आणि मीठ नीट ठेवा. पदार्थात लिंबू असलं की वाईनचा आंबटपणा जिभेला कमी लागतो, वाईन मऊ वाटते. ज्यांना वाईन आंबट लागते त्यांच्या ताटात लिंबाची फोड नसते, बघा तुम्ही.

स्निग्ध काहीतरी द्या. ठेच्यात वरून कच्चं शेंगदाणा तेल किंवा लोणी, धपाट्यावर लोणी, भाकरीवर तूप. तिखट तेला-तुपात उतरतं आणि घास बोथट होतो.

कच्चा कांदा बाजूला. कच्च्या कांद्यानंतर पुढचे चार घोट कांद्याचेच लागतात. भरतात कांदा परतून घाला, कोशिंबिरीत काकडी घ्या.

लोणचं ताटातून काढा. मुरलेली कैरी, मीठ, मोहरी, मेथी या सगळ्यापुढं कोणतीच व्हाईट वाईन उभी राहत नाही. लोणच्याशिवाय ज्यांना जमत नाही त्यांना शेवटच्या भाताबरोबर वाढा.

तपासा: पाहुणे यायच्या आधी एक चमचा रस्सा आणि लगेच एक घोट वाईन, आचाऱ्यानं स्वतः घेऊन बघावी. जळलं तर रश्श्यात ओलं खोबरं किंवा शेंगदाण्याचा कूट वाटून घाला आणि परत बघा. ही एक मिनिटाची टेस्ट कुणीच करत नाही.

टप्पा ६: उघडणं, ओतणं

काचेचा ग्लास घ्या, खाली फुगीर वर निमुळता असेल तर उत्तम, नाहीतर घरातला साधा काचेचा. स्टीलमध्ये रंग दिसत नाही आणि वासही साठत नाही. धुतलेल्या ग्लासाला साबणाचा वास येत असेल तर साध्या पाण्यानं परत विसळा.

ओतायची एक तृतीयांशच, १०० मिलीच्या आसपास. काठोकाठ भरली की अर्धा ग्लास संपेपर्यंत उरलेली गरम होते, आणि गरम शेनिन कुणालाच आवडत नाही, मलाही नाही. थोडी थोडी करून ओता, बाटली बादलीतच राहू द्या, फक्त आता मीठ नसलेल्या बर्फ-पाण्यात. ग्लास बुडखा किंवा दांडी धरून उचला, तळहातात घेऊ नका.

तपासा: रंग फिकट पिवळा, हिरवट झाक, हा ठीक. तपकिरी, सडलेल्या सफरचंदाचा किंवा व्हिनेगरचा वास, ही गेलेली. ओल्या पोत्यासारखा किंवा भिजल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर कॉर्कचा दोष आहे, कुणाच्या अंगाला होत नाही काही पण पिण्यात मजाही नाही, दुसरी उघडा.

जेवणाआधी तंबाखू, मसाला सुपारी, पान झालं असेल तर चूळ भरून पंधरा मिनिटं थांबा.

टप्पा ७: वाढायचा क्रम

सगळं ताट एकदम वाढायची आपली पद्धत आहे, ती इथं मोडावी लागते. कमी तिखटाकडून जास्त तिखटाकडं आणि कोरड्या वाईनकडून गोडसरकडं, असं जायचं. एकदा ठेचा जिभेवर आला की मागं वळता येत नाही.

सुरुवातीला सुशीला. मुरमुरे, डाळवं, शेंगदाणे, कोथिंबीर, लिंबू, मिरची बेतानं. हिच्यासोबत गार सोव्हिन्यों घेऊन बघा, कोथिंबीर आणि लिंबू दोन्हीकडून एकमेकांना भेटतात. माझ्या मते आपल्या सगळ्या खाण्यात सोव्हिन्योंची सगळ्यात चांगली जोडी ही आहे आणि ती कुणी करून बघत नाही, कारण सुशीला नाश्त्याची आणि वाईन रात्रीची असं डोक्यात पक्कं बसलंय.

मग मासे असतील तर मासे. पैठणच्या नाथसागरातला ताजा रोहू किंवा कटला, हळद-मीठ-लिंबू लावून, रव्यात घोळवून तळलेला. इथंही सोव्हिन्यों, पण मसाला लाल तिखटाचा असेल तर शेनिन. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलट वास राहतो, तो लिंबाच्या पाण्यात अर्धा तास ठेवून काढा, नाहीतर वाईनमध्ये तोच वर येतो.

इथून पुढं शेनिन. धपाटे आणि दही जमतं, कारण दह्याच्या आंबटपणाला तोडीस तोड आंबटपणा शेनिनमध्ये आहे. चुलीवर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि ज्वारीची भाकरी तर फारच जमतं, भरताचा धुरकट वास आणि वाईनची गोडी. पिठलं ठीक, लसूण जास्त असेल तर अजून ठीक. उकडशेंगोळे चालतात. वरण-भात, तूप, लिंबू यासोबत शेनिन इतकी सरळ बसते की पहिल्यांदा घेणाऱ्या माणसाला मी इथूनच सुरुवात करायला सांगतो, मटणापासून नाही.

चिकन करायचं तर सुकं करा, रस्सा बाजूला वाटीत. येसूरची (भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची) आमटी असेल तर ती पातळ नको, जरा दाट, आणि वाईन आधीपेक्षा दोन अंश जास्त गार.

काळ्या मसाल्याचं मटण आणि संभाजीनगरचा नान खलिया याबद्दल स्पष्ट सांगतो, मी त्यांच्यासोबत व्हाईट वाईन जुळवत बसत नाही. लवंग, दालचिनी, तर्री, सगळंच इतकं भारदस्त आहे की शेनिन त्यात दिसतच नाही. त्या दिवशी वाईन सुरुवातीच्या पदार्थांसोबत संपवा आणि खलियासोबत पाणी प्या.

हुरड्याच्या रानात

हुरडा पार्टीसाठी वेगळं लिहितो, कारण तिथं अर्धं काम थंडीच करून देते. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा चांगलाच खाली येतो. बाटल्या आदल्या रात्री रानात विहिरीजवळ ओल्या पोत्यात ठेवल्या तर सकाळी बऱ्याच गार मिळतात, मग थर्माकोलच्या बॉक्समध्ये टाकून सावलीत. दुपारी ऊन लागतं हे विसरू नका, बारा वाजता उघड्यावर ठेवलेली बाटली तासात गरम.

हुरडा भाजायच्या आगटीपासून बाटल्या लांब ठेवा. आणि हुरडा गरम असतानाच खा, सोबत शेनिनचा घोट. कोवळ्या गुळभेंडी ज्वारीच्या दाण्याला स्वतःची गोडी असते, शेनिनची गोडी तिच्या बरोबरीची आहे, जास्तही नाही, कमीही नाही. खोबरं-लसणाची किंवा जवसाची चटणी चालते, रेवडी आणि गूळ मात्र वाईन संपल्यावर. गुळाच्या खड्यानंतर तीच शेनिन चिंचेच्या पाण्यासारखी लागते.

थांबा: शेतातून गाडी चालवत परत यायचंय. जो चालवणार तो घेणार नाही, हे निघतानाच नाव घेऊन ठरवा, तिथं गेल्यावर ठरत नाही. गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही, गरोदर बाईनं अजिबात नाही, आणि नको म्हणणाऱ्याला "एक घोट घे की" असा आग्रह नाही.

टप्पा ८: गोड

नियम एकच, वाईन पदार्थापेक्षा गोड पाहिजे. पुरणपोळीसोबत साधी शेनिन दिली तर ती कडवट-आंबट लागणारच. गोडासाठी लेट हार्वेस्ट शेनिन म्हणून वेगळी मिळते, द्राक्षं वेलीवर जास्त पिकवून केलेली, चांगलीच गोड. ती ६ ते ८ अंशांना, ५० मिलीच, जास्त नको. पुरणपोळीपेक्षा मला ती बालाघाटच्या सीताफळासोबत आवडते, गर काढून गार केलेला, वर काही नाही. मेमध्ये केसर आंब्याच्या फोडी, आमरस नको, त्यात साखर पडते.

टप्पा ९: उरलेली बाटली

झाकण घट्ट लावून लगेच फ्रीजमध्ये, उभी. दोन दिवस चांगली राहते, तिसऱ्या दिवशी चाखून ठरवा. टेबलावर रात्रभर उघडी राहिलेली आपल्या हवेत सकाळपर्यंत उतरते. अर्धी बाटली उरली असेल तर छोट्या स्वच्छ बाटलीत काठापर्यंत भरून ठेवा, आत हवा जितकी कमी तितकी जास्त टिकते. आणि पिण्यापलीकडं गेली असेल तर माशाच्या कालवणात कोकम-चिंचेच्या जागी अर्धी वाटी घाला, झाकण न ठेवता दहा मिनिटं उकळू द्या, मग मीठ बघा.